जुन्या हवामान आणि समुद्र नोंदींचे संग्रह: पावसाळाभर वापरल्यानंतर

शेवटपर्यंत वाचायला सगळ्यांना वेळ नसतो, म्हणून निकाल आधीच सांगतो. हे संग्रह फुकट आहेत, अफाट आहेत आणि मुंबईकराने एकदा तरी उघडावेत असे आहेत. फक्त आकड्यांच्या फाइलला हात लावण्याआधी तिच्यासोबतची माहितीची फाइल वाचा. आकडा कुणी, कशाने आणि किती वाजता घेतला हे ज्या संग्रहात नीट लिहिलेले आहे तो कामाचा. बाकीचे नकाशे दिसायला कितीही देखणे असोत.

मी हवामानतज्ज्ञ नाही. नोकरीमुळे एक्सेल आणि थोडेफार पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) येते, एवढीच शिदोरी. ‘६ जून १८८२ ला मुंबईत चक्रीवादळ, एक लाख बळी’ हा फॉरवर्ड तुम्हालाही कधी तरी आला असेल. त्याचा छडा लावायला म्हणून या भानगडीत पडलो. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठांतला एक माणूस गेला असता. कुलाब्याची वेधशाळा तेव्हा चालू होती, अपोलो बंदरला भरती मोजण्याचे यंत्र होते, वर्तमानपत्रे रोज निघत होती. अशा शहरात एवढा प्रलय होऊन कागदावर ओरखडाही उठू नये? कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वादळ झालेच नव्हते असा निष्कर्ष काढला आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर आलेले वादळ मात्र खरे.

सगळ्यात आवडला तो समुद्रपातळीचा संग्रह, पीएसएमएसएल. ही संस्था १९३३ पासून जगभरच्या समुद्रपातळीच्या नोंदी गोळा करते, ठिकाण लिव्हरपूल. आपल्या अपोलो बंदरच्या नोंदी तिथे १८७८ पासून आहेत, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया बांधून होण्याच्या पंचेचाळीसेक वर्षे आधीपासून. फाइल इतकी साधी की मोबाइलवरही उघडते: वर्ष, पातळी मिलिमीटरमध्ये, त्यापुढे किती दिवसांची नोंद गहाळ आहे ते, आणि शेवटी शेरा. पहिल्यांदा पाहताना सात हजारांच्या आसपासचे आकडे बघून गोंधळायला होते. समुद्र सात मीटर वर आलेला नाही. उणे आकडे येऊ नयेत म्हणून सरासरी पातळीच्या सुमारे सात मीटर खाली एक रेषा मानलेली आहे आणि सगळी मोजणी तिथून. नोंद नसेल तिथे उणे ९९९९९ लिहिलेले असते. ते न काढता सरासरी काढली तर कुलाब्याचा समुद्र पाताळात जातो. एवढे सांभाळले की दिसते ते असे: शंभर वर्षांत आठेक सेंटीमीटर वाढ. आकडा ऐकून कुणी दचकत नाही, पण यंत्राची मोजणी शेजारच्या जमिनीवरच्या पक्क्या खुणेशी जोडलेली असल्यामुळे जुनी आणि नवी नोंद एकमेकींना जोडता येते. त्यामुळे त्यावर माझा भरवसा बसला. उणीव एकच. इथे फक्त महिन्याची आणि वर्षाची सरासरी मिळते. २६ जुलै २००५ च्या ४.४८ मीटरच्या भरतीचा मागमूस त्यात लागत नाही.

त्या दिवसाचा पाऊस शोधायचा तर हवामान खात्याच्या पुण्याच्या संकेतस्थळावर जा. तिथे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत फुकट मिळतो. फाइल बायनरी असते, म्हणजे नुसती उघडून वाचता येत नाही, पण पायथनमध्ये आयएमडीलिब ही तयार लायब्ररी टाकली की काम सोपे होते. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मोजणी त्या सकाळच्या तारखेला लागते. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर पडले २६ तारखेला, पण त्यांची नोंद २७ ची. तारखेनुसार शोधणारा माणूस २६ जुलैसमोरचा आकडा पाहून चक्रावणारच. दुसरे म्हणजे त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर झाला होता. पाव अंशाचा चौकोन जवळजवळ अठ्ठावीस किलोमीटरचा. त्यात कुलाबा आणि सांताक्रूझ एकत्र कालवले जातात. मिठी नदीकाठच्या माणसाला त्या सरासरीचा उपयोग काय? तेव्हा मुंबईसाठी चौकोनी डेटा महिन्याच्या, मोसमाच्या हिशेबाला घ्या. एका दिवसाच्या भांडणात आणू नका.

युरोपच्या ईआरए-५ या संग्रहाबद्दल थोडक्यात. १९४० पासूनचे तासातासाचे हवामान, संगणकाच्या मॉडेलने मागे जाऊन काढलेले. वारा आणि हवेचा दाब उत्तम. पाऊस मीटरमध्ये असतो आणि वेळ ग्रीनिचची, म्हणून हजाराने गुणा आणि साडेपाच तास मिळवा. सांताक्रूझच्या त्या ९४४ मिलिमीटरच्या जवळपासही ते जात नाही.

खरी मजा जहाजांच्या नोंदींत आहे. आयकोड्स नावाच्या संग्रहात १६६२ पासूनच्या जहाजांवरच्या नोंदी आहेत, पंचेचाळीस कोटींहून जास्त. ईस्ट इंडिया कंपनीच्या १७८९ ते १८३४ मधल्या सुमारे नऊशे नोंदवह्यांमधले आकडेही संशोधकांनी उतरवून काढले आहेत. पण समुद्राचे तापमान वाचताना जपून. पूर्वी खलाशी बादली सोडून पाणी वर ओढायचा आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वर येईपर्यंत वाऱ्याने थोडे निवायचे. पुढे इंजिन थंड ठेवायला आत घेतलेल्या पाण्याचे तापमान लिहू लागले, ते इंजिनरूमच्या उबेने थोडे चढे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही अदलाबदल एकदम झाली आणि आलेखात समुद्र अचानक तापल्यासारखा दिसतो. कोणत्या पद्धतीने मोजले याचा एक वेगळा रकाना संग्रहात ठेवलेला आहे. जुन्या नोंदींत तो पुष्कळदा रिकामा असतो, हे दुर्दैव.

अशा वह्या उतरवून काढायचे प्रकल्प झूनिव्हर्सवर, म्हणजे सामान्य लोकांना संशोधनात हातभार लावू देणाऱ्या संकेतस्थळावर, येत-जात असतात. मीही थोडी पाने उतरवली. हवेसाठी एकेक अक्षर: बी म्हणजे निरभ्र, सी म्हणजे ढग, ओ म्हणजे पूर्ण भरून आलेले आभाळ, आर म्हणजे पाऊस, क्यू म्हणजे वाऱ्याचे झोत. चार तास तीच हवा असेल तर खाली नुसते डिट्टो. मध्येच ओ, क्यू, आर एका ओळीत आले आणि बॅरोमीटरवरचा हवेचा दाब उतरू लागला की आपण खुर्चीत सरसावून बसतो, इतक्या वर्षांनीसुद्धा.

जाता जाता: गणिती केरूनाना छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला होते. बाळशास्त्री जांभेकरांचाही त्या वेधशाळेशी संबंध. मराठी माणसाने तिथे टिपलेले जुने आकडे मराठीतून शोधता येतील अशी सोय अजून मला सापडलेली नाही, आणि एका ठिकाणी जुनी रजिस्टरे बघायला अर्ज दिला त्याला उत्तरही नाही.

नवख्याने अपोलो बंदरच्या फाइलपासून सुरुवात करावी. ती एका संध्याकाळी समजते. मग पुण्याचा पाऊस, एकेक वर्ष करून. आयकोड्स अख्खे डाउनलोड करायच्या फंदात पडू नका. अरबी समुद्राचा चौकोन आणि हवी ती वर्षे तेवढीच मागा, आणि लॅपटॉप जुना असेल तर एका वेळी दहा वर्षांच्या वर जाऊ नका.