स्क्रॅच की पायथन?

मुलगी ९ वर्षांची आहे, प्रोग्रॅमिंगसाठी स्क्रॅच शिकवू की थेट पायथन, असं मैत्रिणीने विचारलं. स्क्रॅच ही मुलांसाठीची, ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची भाषा; पायथन ही टाइप करून लिहायची. पैशाचा प्रश्नच नाही, दोन्ही मोफत. खरा फरक चुकीपाशी कळतो. पायथनमध्ये एक कंस राहिला की लाल अक्षरांत इंग्रजी संदेश येतो आणि मूल हिरमुसतं. स्क्रॅचमध्ये स्क्रीनवर सूचनांचे ठोकळे जोडायचे. चुकलं तर स्क्रीनवरचं मांजर भलतीकडे चालतं, मूल हसून ठोकळा बदलतं. टायपिंगचा हात मात्र पायथननेच बसतो.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर स्क्रॅचच्या संकेतस्थळावर अनोळखी लोक कमेंट करू शकतात. खातं टोपणनावाने काढा, प्रोजेक्टमध्ये फोटो किंवा शाळेचं नाव नको. दोन्ही ऑफलाइनही चालतात.

८ ते ११ वयाला स्क्रॅचच. त्यापुढे, सोपं इंग्रजी वाचता येत असेल, तर पायथन.