‘जय शिवराय दादा’ म्हणत गळ्यात मारलेलं कॅम्पिंग किट

आधीच सांगतो, मी काही अगदी नवखा नाही. कॉलेजात असताना रतनगड, हरिश्चंद्रगड, राजमाची सगळं पालथं घातलंय, पण तेव्हा आम्ही गुहेत नाहीतर देवळात चादर टाकून झोपायचो, तंबू-बिंबू कोणाच्या बापाने बघितला होता. आता लेक सातवीत गेली, तिच्या वर्गातली कोणीतरी जंगलात तंबूत राहून आली आणि मग आमच्याकडे रोज तेच सुरू झालं, बाबा आपण कधी. शेवटी दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार ठरवला. मी, बायको, लेक आणि मेहुणा. डोंबिवलीहून गाडीने कसारा, घोटी, भंडारदरा करत घाटघर. अभयारण्यात वाट्टेल तिथे तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते, म्हणून रानाला लागून असलेल्या एका मामांच्या मालकीच्या शेतात राहायचं फोनवर ठरवलं होतं. एका रात्रीसाठी सामान ते किती लागणार? एक तंबू, चार स्लीपिंग बॅगा, खाली टाकायला मॅट, दोन हेडटॉर्च, चहापुरता छोटा गॅस. बस. आणि एवढ्याशा यादीत मी माती खाल्ली.

रात्री झोपायच्या आधी रील बघत पडलो होतो, त्यात एक पेज समोर आलं. डीपीला गडाच्या बुरुजावरचा भगवा, खाली लिहिलेलं सह्याद्रीच्या लेकरांसाठी रास्त दरात. सहज मेसेज टाकला तर दोन मिनिटांत उत्तर, जय शिवराय दादा, बोला. मग त्याने मला विचारायला सुरुवात केली, किती जण आहात, कुठे चाललाय, लहान मूल आहे का, गाडी जागेपर्यंत जाते की चालायचंय. आता हे प्रश्न अगदी बरोबर आहेत हो, कुठल्याही जाणकार माणसाने हेच विचारले असते, आणि म्हणूनच मी विरघळलो. “दादा तुम्ही टेन्शनच घेऊ नका, मी स्वतः दर वीकेंडला सह्याद्रीतच असतो, ताईंची आणि छोटीची काळजी माझी, किट मी स्वतः सिलेक्ट करून देतो.” बाजारात बारा-तेरा हजारांना पडेल ते आपल्या माणसाला ५,९९९ मध्ये. आपल्या माणसाला! म्हणजे निवड माझी राहिलीच नाही, मी फक्त हो-हो करत गेलो.

एक खूण तेव्हाच पकडायला हवी होती. मी विचारलं, घाटघर आहे, परतीचा पाऊस आला तर? तर म्हणतो, घाटघरला एवढा पाऊस नसतो दादा. अख्ख्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो त्या गावांपैकी एक घाटघर! दर वीकेंडला सह्याद्रीत फिरणारा माणूस हे बोलेल का? आणि मी, ज्याने तिथे आयुष्यभराचा पाऊस खाल्लाय, तो काय म्हणतो, हो का, बरं बरं. पुढे त्याने ठोकलंच, आलाच पाऊस तर आपला तंबू ५,००० एमएमचा आहे, बिनधास्त झोपा.

हे एमएम प्रकरण मला नंतर कळलं. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरून दाब वाढवत नेतात, कापडातून थेंब कधी यायला लागतात ते बघतात, तेवढी उंची मिलिमीटरमध्ये लिहितात. साधारण १,५०० ते ३,००० चा तंबू आपल्याकडच्या पावसाला ठीकठाक असतो. पण गंमत अशी की तो आकडा नुसत्या कापडाचा. शिवणींवर आतून टेप चिकटवलेली नसेल तर कापड ५,००० चं असो नाहीतर ५०,००० चं, पाणी सुईच्या भोकांतून आत येणार म्हणजे येणारच. आणि तो मला सारखं “१९०टी फॅब्रिक आहे दादा, १९०टी” असं ऐकवत होता, ते तर निव्वळ एका चौरस इंचात किती धागे आहेत ते सांगतं, त्यावर पावसाचा थेंब अडत नाही.

३,००० अॅडव्हान्स यूपीआयने, उरलेले २,९९९ पार्सल आल्यावर कुरिअरवाल्याला. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल अॅक्सेसरीजच्या दुकानाचं होतं. विचारलं तर म्हणे भावाचं खातं आहे. पाठवले. पार्सल आम्ही निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आलं, पैसे आधी मग खोका असा नियम, आणि उघडायला वेळ कोणाला होता, बायको थालीपिठाची भाजणी भरत होती, मी गाडीत हवा भरायला गेलो. खोक्यावर ९,९९९ चं एमआरपीचं स्टिकर तेवढं होतं, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीचा नंबर नाही. पाकीटबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. जिथे हे नसतं तिथे नंतर भांडायचं कोणाशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

शनिवारी चारच्या सुमाराला पोचलो. ऊन छान होतं, कोवळं, समोर डोंगर हिरवेगार. तंबू उभा केला, निळा-केशरी, लांबून दिसायला एक नंबर. आत शिरून बघितलं तर चार माणसांचा म्हणून दिलेला तंबू जेमतेम सात बाय पाच फूट! एका माणसाला निदान दोन फूट रुंदी तरी लागते, म्हणजे पाच फुटांत दोघं ऐसपैस, तिसरा कुशीवर, आणि चौथ्याने गाडीत. मेहुणा म्हणाला, दाजी मी गाडीतच बरा. बरं, पावसाचं वरचं आवरण जमिनीपर्यंत यायला पाहिजे तर इथे डोक्यावर एवढीशी टोपी, बाकी चारी बाजूंनी एकेरी कापड. मामांनी ते कापड दोन बोटांत धरून चोळलं, काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, “पडवी मोकळीच हाय बरं का, पोरीला घेऊन तिकडं आला तरी चालंल.” मी हसून नाही म्हटलं. एवढंच नाही, तंबूचा फोटो काढला, बाजूला मामांची तांबडी गाय आली होती तीही त्यात आली, आणि त्या पेजवाल्याला पाठवला, भारी दिसतोय भावा. हा फोटो लक्षात ठेवा.

गॅस पेटलाच नाही, कारण स्टोव्ह आटे फिरवून बसवायच्या डब्याचा होता आणि घोटीत जो ब्युटेनचा डबा मिळाला तो नळीच्या तोंडाचा. मध्ये लागतो तो अडॅप्टर किटमध्ये नव्हता. “डबा कुठेही मिळतो दादा,” असं त्या पेजवाल्याने सांगितलं होतं. चहा मामींच्या चुलीवर झाला, पिठलं-भाकरीही तिथेच. (तंबूच्या आत तसाही गॅस पेटवू नका, पाऊस असला तरी, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, कळतसुद्धा नाही.)

साडेआठला गडगडायला लागलं. नऊला पावसाने धरलं. परतीचा पाऊस ज्यांनी घाटमाथ्यावर बघितलाय त्यांना सांगायला नको, सरळ पडत नाही तो, वारा त्याला कापडावर फेकून मारतो. पहिली दहा मिनिटं लेक खूश, बाबा किती मस्त आवाज येतोय. मग तिच्या कपाळावर थेंब पडला. मी टॉर्च लावून वर बघितलं तर शिवणीवर एका रांगेत थेंब लटकलेले, तोरणासारखे, एक पडला की त्याच्या जागी दुसरा तयार. टेपचा पत्ताच नाही, नुसती दोऱ्याची शिवण. टॉर्चचं सांगायचं तर त्यावर एक लाख लुमेन (उजेड मोजायचं माप) छापलेलं होतं, प्रत्यक्षात देवघरातल्या निरांजनाएवढा उजेड. दोन-तीनशे लुमेनचा खरा हेडटॉर्च कॅम्पिंगला भरपूर होतो, जो लाखाच्या गोष्टी करतो तो खोटारडा समजायचा.

अर्ध्या तासात खाली तळं झालं. मॅट म्हणून जे दिलं होतं ती चंदेरी पन्नी लावलेली दोन मिलिमीटरची फोमची सुरळी, जमिनीतला गारठा तिने कसला अडतोय. स्लीपिंग बॅग मायनस १० डिग्रीची. इथेही आकड्याचीच चलाखी. चांगल्या बॅगेवर तीन तापमानं असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. झोप लागेल ते कम्फर्ट. एक्स्ट्रीम म्हणजे त्या थंडीत माणूस कसाबसा जीव धरून राहील ते. विकणारे हेच शेवटचं मोठ्या अक्षरात छापतात. आमच्या बॅगेला तर लेबलच नव्हतं, त्याने चॅटवर लिहिलेलं तेवढंच. आत कापूस म्हणावा की काय तो भिजून एका कोपऱ्यात गोळा झालेला. हवा जेमतेम सतरा-अठरा डिग्री असेल, तरी पोरीचे दात वाजायला लागले.

आणि मग वाऱ्याचा एक झोत आला आणि कट्ट. फायबरची काठी मधोमध तुटली आणि ओला तंबू आमच्या तोंडावर. मी अंधारात ती काठी धरून वर उचलायला गेलो आणि तळहातात काचेच्या बारीक कुसळांसारखं काहीतरी घुसलं. फायबरग्लास तुटलं की असंच करतं, दिसत नाही आणि निघत नाही. मामा इरलं पांघरून बॅटरी घेऊन आलेच होते, काही न विचारता लेकीला उचलून घेतलं. रात्री साडेदहाला आम्ही चौघं त्यांच्या पडवीत, शेळ्यांच्या शेजारी, त्यांच्या गोधड्या अंगावर, आणि बायको मोबाईलच्या उजेडात मंगळसूत्राला लावलेल्या सेफ्टी पिनने माझ्या हातातली कुसळं काढतेय. एकही शब्द बोलत नव्हती. ते जास्त लागलं. सकाळी मामा सहज म्हणाले, गावात पोरं तंबू भाड्यानं देतात की, डबल कापडाचे, तुमी फोनवर इचारलंच न्हाई.

घरी आल्यावर त्याला फोटो पाठवले, तुटलेली काठी, ओल्या शिवणी, सगळं. दोन दिवस नुसत्या निळ्या टिक्स, उत्तर नाही. मग एकदम गोड, “सॉरी दादा, तुम्हाला फुल रिफंड देतो, हेड ऑफिसकडून क्यूआर येईल तो स्कॅन करा आणि ५,९९९ टाका.” आणि खरं सांगतो, मी अॅप उघडलं होतं. रकमेचा आकडाही टाकला. बायको मागून बघत होती, ती म्हणाली, पैसे आपल्याला यायचेत तर पिन आपण कशाला टाकायचा? हातातलं पाणी सांडावं तसा मी फोन खाली ठेवला. यूपीआयवर पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. हे मी माझ्या वडिलांना शंभर वेळा समजावून सांगितलंय!

मी नाही म्हटल्यावर ब्लॉक. मग १९३० ला फोन केला, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पहिला प्रश्न हाच की पैसे कधी पाठवले. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवायची शक्यता जास्त, माझे तर जाऊन बारा दिवस झालेले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार टाकली, त्यांनी विक्रेत्याचं नाव-पत्ता मागितला, आणि माझ्याकडे होतं काय, एक डीपी आणि जय शिवराय. पावती नाही, जीएसटी नंबर नाही. तक्रार क्रमांक मिळालाय. पुढे काही झालेलं नाही.

नोव्हेंबरात पुन्हा गेलो, लेकीला शब्द दिला होता. या वेळी ठाण्यातल्या एका दुकानात जाऊन सेल्समनला तंबू उभाच करायला लावला, आत बसून मोबाईलचा टॉर्च शिवणींवर फिरवला, टेप नखाने खरवडून बघितली, तो पोरगा वैतागला पण काही बोलला नाही. चार जणांचा म्हणतील तो तिघांचा धरायचा या हिशोबाने पाच जणांचा घेतला, बाहेरचं आवरण जमिनीपर्यंतचं. घरी आणून आधी गच्चीत लावला आणि वीस मिनिटं झाडांच्या पाइपने पाणी मारलं, वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून बघत होत्या, बघू देत. स्लीपिंग बॅगा विकत घेतल्याच नाहीत, गाडीने जायचं असेल तर घरातल्या जाड सतरंज्या आणि दोन गोधड्या झक्कास होतात.

हे आज लिहायला बसायचं कारण वेगळंच. परवा ऑफिसातल्या एकाने जेवताना फोन पुढे केला, अरे हे किट बघ, फुल सेट ६,४९९, घेऊ का. पेजचं नाव नवीन. बुरुजावरचा भगवा तोच. आणि खाली ‘आमचे समाधानी ग्राहक’ मध्ये पहिलाच फोटो, निळा-केशरी तंबू, बाजूला तांबडी गाय, वर माझंच वाक्य, भारी दिसतोय भावा. तुम्हाला कुठे तो फोटो दिसला तर एवढंच लक्षात ठेवा, तो साडेचारला काढलाय, पाऊस नऊला आला.