अपघात विभागातील गर्भवतीची शुश्रूषा
सातव्या महिन्यात दुचाकीवरून पडलेल्या माझ्या बहिणीला ज्या रुग्णालयाच्या अपघात विभागात नेले, तेथील सेवेबद्दल माझे मत एकंदरीत चांगले आहे. तिला ज्या फळीवर झोपवले होते, तिच्या उजव्या कडेखाली चादरीची गुंडाळी सरकवून परिचारिकेने ती डावीकडे कलती केली, कारण 20 आठवड्यांनंतर उताणे झोपवल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन रक्तदाब घसरू शकतो. बाळाच्या ठोक्यांआधी आईचा श्वास आणि रक्तस्राव तपासला गेला. क्रम योग्यच होता, आम्हाला तेव्हा तो निर्दय वाटला, एवढेच. वार (गर्भाला पोषण देणारा, गर्भाशयाला चिकटलेला अवयव) प्रसूतीआधीच सुटण्याचा धोका ओळखून ठोक्यांची नोंद सलग 4 तास चालली. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्याने 72 तासांच्या आत द्यायच्या अँटी-डी इंजेक्शनची (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून दिले जाणारे) आठवण मात्र आम्हालाच करून द्यावी लागली.