जाळी बदलली म्हणे!

आमची जीप नव्वदच्या दशकातली महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन. गेल्या उन्हाळ्यात वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात तापमानाचा काटा थेट लालला टेकला. पुण्यात परतल्यावर ओळखीतल्या एकाने एका रेडिएटरवाल्याकडे धाडलं. दुकानाचं नाव लिहीत नाही.

त्याने वरच्या तोंडात बोट घातलं, गाळ दाखवला आणि निकाल दिला. "साहेब, जाळी गेली. रॉडिंग करून फायदा नाही. नवी चार रोची टाकू, प्युअर तांबं." जाळी म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याच्या नळ्या आणि त्यांना चिकटलेल्या पत्र्यांचा गाभा, रॉडिंग म्हणजे त्या नळ्यांत सळई घालून गाळ काढणं, आणि रो म्हणजे नळ्यांची रांग. साडेनऊ हजार ठरले. जुनी जाळी दुकानात जमा, तिचे पैसे म्हणे आधीच वजा केले होते. मला तर उलट बरंच वाटलं. पहिला गंडलो तो इथे.

संध्याकाळी गेलो तर रेडिएटर काळाकुळकुळीत, रंगाचा वास मारत होता. फ्रेमची भोकं जुळेनात, तर कानस घेऊन ती लांबट केली. पंख्याभोवतीचं कडं, म्हणजे श्राउड, "बसत नाही, लागतही नाही" म्हणून मागच्या सीटवर टाकलं. घाटात जीप दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, समोरचा वारा जवळपास नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. श्राउड नसेल तर पंखा बराचसा इंजिनाजवळची गरम हवाच घुसळत बसतो. हे मला ठाऊक होतं. तरी गप्प राहिलो, कारण अंधार पडत होता आणि घरून दोन फोन येऊन गेले होते.

शहरात काटा शहाण्यासारखा वागला. दिवे घाट निम्मा चढलो आणि बॉनेटमधून वाफ. फोनवर सल्ले सुरू झाले: थर्मोस्टॅट बदला, कॅप बदला, मग हेड गॅस्केट असेल. पहिले दोन बदलले. गॅस्केटला हात घालणार, तेवढ्यात सासवडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी थांबवलं. इंजिन तापवून बंद केलं आणि पंखा थांबल्यावर जाळीवरून तळहात फिरवला.

"इथं लावा हात."

उजवीकडे चटका बसला. डावीकडचा वीतभर पट्टा नुसता कोमट.

रेडिएटर उतरवून तोंडात बॅटरी मारली. "मोजा." नळ्यांच्या तीनच रांगा! खालचा पाइप मोकळा ठेवून वरून नळीने पाणी सोडलं. चांगल्या जाळीतून ते धो धो पडायला हवं. इथे तोंडाशी तुंबून बाहेर सांडलं. मग वरच्या टाकीचा डाग, म्हणजे झाळकामाचा सांधा, सोडवला. डावीकडच्या नळ्यांची तोंडं झाळून बुजवलेली. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची गळकी जाळी माझ्या रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्यांना जोडून वर रंगाचे जाड हात दिले होते. रंगाचा असा थर उष्णताही अडवतो, ते वेगळंच.

माझी मूळ जाळी कदाचित नुसत्या रॉडिंगवर चालली असती, पण ती दाखवायला माझ्याकडे उरलीच कुठे? म्हणून जुनी जाळी परत मागा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. रंग मारायच्या आधी दुकानात जा. नव्या जाळीच्या पत्र्या तांबूस आणि नळ्या पितळी पिवळ्या दिसतात, काळ्या रंगाखाली काहीच दिसत नाही. पाण्याची परीक्षा तिथेच करून घ्या, दोन मिनिटं लागतात. पावतीवर 'नवी जाळी, ४ रो' असं लिहून घ्या. माझ्या पावतीवर दोनच शब्द होते: रेडिएटर काम.

ती पावती आणि सोडवलेली जाळी घेऊन मी परत गेलो. पैसे द्यायचा विषयच नव्हता. "आमच्याकडून गेली तेव्हा बरोबर होती." निघताना म्हटलं, निदान भंगारात तरी घे, प्युअर तांबं आहे ना?

त्याने ती काट्यावर ठेवली, उलटीपालटी केली. "तांब्याचा भाव नाही मिळणार साहेब. यात पितळ आणि डागच जास्त आहे."