फुकेतला भाड्याची यॉट: अख्खा सीझन वापरल्यावरचा अनुभव

कामानिमित्त थायलंडमधल्या फुकेत बेटावर मुक्काम होता त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल असा पूर्ण सीझन आमचा ग्रुप भाड्याच्या बोटी घेत राहिला, कधी नुसती दिवसभराची, कधी दोन-तीन रात्रींची, कधी स्किपरसकट (बोट चालवणारा कप्तान), तर कधी आमच्यातल्या दोघांना सेलिंग येतं म्हणून बेअरबोट, म्हणजे बोट घ्या आणि स्वतःच चालवा. एवढं वापरून झाल्यावर ठामपणे सांगतो, डे चार्टरवर, म्हणजे नुसत्या दिवसभराच्या बोटीवर, पैसे घालू नका. बोटीवर रात्र काढा. त्यासाठी बोट लहान घ्यावी लागली तरी चालेल.

का ते सांगतो. सगळ्यांना जायचं असतं फांग न्गाच्या उपसागरात, फुकेतच्या पूर्वेला, जिथे चुनखडीचे सरळसोट कडे पाण्यातून वर आलेत. 1981 पासून ते नॅशनल पार्क आहे आणि सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत तिथे स्पीडबोटींची रीघ असते, को तापूच्या सुळक्यासमोर तर फोटोला उभं राहायला जागा मिळत नाही. शिडाची कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) सहा-सात नॉटने जाते, म्हणजे ताशी 11 ते 13 किलोमीटर, त्यामुळे नऊला निघालेली डे चार्टरची बोट ऐन गर्दीत पोचते आणि गर्दी उठायच्या वेळेला परत फिरते. तुम्ही पैसे यॉटचे भरता आणि बघता तेच जे स्पीडबोटवाला कितीतरी कमी पैशात बघतो. मुक्काम केलात की संध्याकाळी पाचनंतरचा आणि सकाळी नऊच्या आधीचा सगळा उपसागर तुमचा.

को फनाकच्या गुहा आम्ही अशाच सकाळी केल्या. बेटाच्या पोटात मोकळं आभाळ दिसणारं तळं आहे आणि आत जायला फक्त गुहेतून वाट. कयाकमध्ये पाठीवर सपाट झोपायचं, वल्ही आत घ्यायची आणि हाताने छत ढकलत पुढे सरकायचं, एका जागी दगड नाकापासून वीतभर वर होता आणि त्याला चिकटलेले कालवांचे धारदार शिंपले स्पष्ट दिसत होते. आत गेलं की खारफुटी, चिखलात उड्या मारणारे निवटे, आणि वर कड्याला लटकलेली झाडं. आम्ही तिथे कितीतरी वेळ नुसते बसून राहिलो, कोणालाच निघावंसं वाटेना.

पण हे सगळं भरती-ओहोटीवर चालतं आणि बुकिंगवाले हे सांगत नाहीत. भरती चढली की गुहेचं तोंड बंद होतं, आणि पूर्ण ओहोटीला काही ठिकाणी कयाक चिखलात बसते. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास) पाण्यात अडीच-तीन मीटरचा फरक पडतो, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) बराच कमी. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून तारीख ठरवायच्या आधी टाइड टेबल उघडा, सुट्टी नंतर टाका. मरीनाचंही, म्हणजे बोटी लावायच्या बंदराचंही तेच, बोट लगून आणि रॉयल फुकेत मरीनाकडे जाणारा चॅनेल ओहोटीला उथळ होतो, तिथून बोट घेतली तर निघायची वेळ पाणी ठरवतं. त्यामुळे आम्हाला आओ पो मरीना जास्त सोयीचं पडलं, उपसागरही तिथून जवळ.

आता बेअरबोट की स्किपर. मला सेलिंग येतं तरी पहिल्या वेळी स्किपर घ्याच म्हणेन. स्थानिक स्किपरला कुठल्या कड्याखाली रात्री वारा फिरतो हे माहीत असतं, कारण ईशान्येचा वारा उंच कड्यांवरून आपटत खाली येतो आणि शांत दिसणाऱ्या जागी अचानक झोत बसतो. आमचा स्किपर पाच मीटर पाण्यात 30 मीटर साखळी सोडायचा, मग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून स्वतः बोटीच्या पुढच्या टोकाशी जायचा आणि साखळीवर तळहात ठेवून उभा राहायचा. अँकर घसरत असेल तर साखळी थरथरते, बसला असेल तर ताणून गप्प होते. तो हात उचलेपर्यंत कोणी पाण्यात उडी मारायची नाही हा त्याचा नियम. अशा माणसामुळे आम्ही सगळे निवांत झोपलो, आणि मोठ्या बोटीपेक्षा हे सुख मला जास्त मोलाचं वाटतं.

झोपेवरून आठवलं, उकाडा. वारा पडला की केबिन भट्टी होते. एसी जनरेटरवर चालतो आणि तो रात्रभर चालू ठेवायचा की नाही यावरून ग्रुपमध्ये वाद होतातच, आम्ही शेवटी बोटीच्या पुढच्या भागात ताणलेल्या जाळीवर झोपायला लागलो, तेच बरं. गोडं पाणी मोजकं असतं, अंघोळ समुद्रात आणि वरून फक्त एक मिनिट शॉवर. टॉयलेटमध्ये कागदसुद्धा टाकायचा नाही, हे पाहुण्यांना चढायच्या आधीच सांगा.

फी फी बेटं फुकेतपासून साधारण 25 नॉटिकल मैल, जागा सुंदर आहे पण रात्री थांबायला मला तितकंसं आवडलं नाही, पाणी खोल, खाली प्रवाळ, त्यामुळे अँकरऐवजी मूरिंग बॉय (बोट बांधायचा तरंगता गोळा) शोधावा लागतो. तिथला माया बे 2018 मध्ये बंद केला होता, 2022 ला पुन्हा उघडला, आता बोट आत नेता येत नाही, मागच्या लो समा बेच्या बाजूने उतरून चालत जायचं. प्रवाळ परत वाढतोय म्हटल्यावर एवढं चालायला काहीच हरकत नाही. सनस्क्रीन बघून न्या, ऑक्सिबेन्झोन असलेलं नॅशनल पार्कमध्ये 2021 पासून बंद आहे. पार्कची फी बहुतेक चार्टरमध्ये धरलेली नसते, फी फीला आम्ही माणशी 400 बाथ भरले. फुकेतच्या दक्षिणेला राचा याई बेट आहे, पश्चिमेकडच्या बेमध्ये ईशान्य वाऱ्याचा अजिबात त्रास नाही, पाणी इतकं स्वच्छ की वरून साखळी दिसते.

सीझन मात्र पाळा. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे, पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या लाटा, बीचवर लाल बावटे. तेव्हा स्वस्त मिळतं म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जाऊ नये, जायचंच तर फांग न्गाच्या आतच राहावं.

बोट ताब्यात घेताना फ्रिज आणि गाद्या बघण्यात वेळ घालवू नका. डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) इंजिन थंड असताना स्वतः दोरी ओढून सुरू करून बघा, विंडलासने (अँकर ओढायचं यंत्र) अँकर खाली-वर करायला सांगा, तळाशी साचलेलं पाणी काढणारा बिल्ज पंप चालवा, आणि बुडाखालच्या जुन्या ओरखड्यांसकट सगळ्याचा व्हिडिओ काढा. एका कंपनीने आम्हाला आधीपासून तुटलेल्या स्टँशनचे (कठड्याच्या खांबाचे) पैसे डिपॉझिटमधून कापायला काढले होते, व्हिडिओ दाखवल्यावर पूर्ण डिपॉझिट परत मिळालं. डिझेल भाड्यात आहे की इंजिनच्या तासांवर लावणार हे लेखी घ्या, कारण एप्रिलमध्ये वारा नसतो आणि सगळा प्रवास इंजिनवर होतो.

सिमिलान बेटांवर आम्ही अजून गेलो नाही. ते पार्क मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, म्हणून त्याच स्किपरला नोव्हेंबरसाठी सांगून ठेवलंय.