अक्षरांचा आदर : सहा व्याख्यानांच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

मध्ययुगीन ख्रिस्ती समाजाला पवित्र लेखनाविषयी जो आदर वाटत असे, त्याच्या घडणीत ज्यू आणि मुस्लिम परंपरांचा वाटा किती, या प्रश्नावरचा सहा व्याख्यानांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. धर्मग्रंथांचा अर्थ कसा लावला गेला यापेक्षा लिहिलेले पान कसे हाताळले, जपले आणि जीर्ण झाल्यावर त्याचे काय केले, यावर त्याचा भर आहे. मला ही निवडच मोलाची वाटली.

सर्वांत सरस उतरले आहे ते इटलीतील असिसीचा संत, फ्रान्सिस्कन संघाचा संस्थापक फ्रान्सिस याच्यावरचे तिसरे व्याख्यान. पाचव्या क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धात, इजिप्तमधील दमिएताला वेढा पडलेला असताना, १२१९ मध्ये, फ्रान्सिस इजिप्तचा सुलतान अल-कामिल याला भेटला. परतल्यानंतरच्या त्याच्या पत्रांत देवाचे नाव व वचने लिहिलेली पाने अयोग्य जागी पडलेली दिसली तर ती गोळा करून सन्मानाने ठेवावीत, असा आग्रह पुन्हा पुन्हा येतो, आणि १२२६ च्या मृत्युपत्रातही तो टिकून आहे. सत्ताधीशांना लिहिलेल्या पत्रात तर रोज संध्याकाळी दवंडी पिटवून किंवा अन्य खूण करून लोकांना देवाच्या स्तुतीसाठी बोलवावे, अशी सूचना आहे. ती वाचताना अजानची आठवण होणे स्वाभाविक आहे. परधर्मीयांचे लेखनही तो उचलून ठेवी, कारण देवाचे नाव ज्या अक्षरांनी बनते ती अक्षरे त्यातही असतात, असे त्याने सांगितल्याचे त्याचा चरित्रकार थॉमस नोंदवतो. हा प्रसंग व्याख्यात्यांनी फुस्तातच्या (जुन्या कैरोतल्या) बेन एज्रा सिनेगॉगमधील, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातील, गेनिझाशेजारी ठेवला आहे; गेनिझा म्हणजे जीर्ण लेखन टाकून न देता साठवण्याची जागा. तिथे धर्मग्रंथांच्या जीर्ण पानांबरोबर हिब्रू अक्षरांतले हिशेब आणि घरगुती पत्रेही शतकानुशतके साठत गेली. येमेनमधील सना येथील मोठ्या मशिदीच्या छताच्या पोकळीतून १९७२ मध्ये बाहेर आलेली कुराणाची पाने त्यापाठोपाठ दाखवली जातात, तेव्हा ही तुलना किती समर्पक आहे हे डोळ्यांनाच पटते.

मात्र याच ठिकाणी माझा मुख्य आक्षेप आहे. साम्य दाखवणे वेगळे आणि प्रभाव सिद्ध करणे वेगळे, हा भेद व्याख्याते एकदा बोलून दाखवतात आणि पुढे विसरतात. फ्रान्सिसने धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्राचा पहिला पाठ इजिप्तच्या प्रवासाआधीचा असावा, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर लिखित वचनांविषयीची ही तळमळ फ्रान्सिसच्या मनात आधीपासूनच होती आणि इजिप्तमध्ये तिला बळ मिळाले, एवढेच म्हणता येईल. या शक्यतेचा उल्लेखही नाही. शिवाय शुभवर्तमानाचा (येशूच्या जीवनकथेचा) ग्रंथ मिरवणुकीने नेणे, त्याचे चुंबन घेणे, त्यावर हात ठेवून शपथ घेणे या ख्रिस्ती परंपरेतल्या जुन्या रीतींना जेमतेम दहा मिनिटे मिळतात, आणि त्या नीट समजल्याशिवाय बाहेरून काय आले हे ठरवायचे कसे?

जिथे पुरावा थेट आहे, तिथे मात्र विवेचन भक्कम आहे. ११०९ च्या सुमारास फ्रान्समधील सितो मठाचा प्रमुख स्टीफन हार्डिंग याने बायबलचा पाठ शुद्ध करताना ज्यू जाणकारांना विचारून हिब्रूत न आढळणारा मजकूर गाळला, आणि तसे स्वतः लिहूनही ठेवले. चित्रांवरचे पाचवे व्याख्यान देखणे आहे. इटालियन चित्रकार जेंतिले दा फाब्रियानोने १४२३ मध्ये रंगवलेल्या मरियमेच्या प्रभावलयातली अरबीसदृश, पण वाचता न येणारी अक्षरे मोठी करून पाहता येतात. व्याख्यानांसोबत दिलेल्या लेखी अनुलेखनात व्यक्तिनामांच्या चुका फार आहेत, त्या दुरुस्त व्हायला हव्यात.

शेवटच्या व्याख्यानाने मला अस्वस्थ केले, आणि ते अपुरेही वाटले. लिहिलेला कपटाही तुडवला जाऊ नये म्हणून फ्रान्सिस धडपडला, त्यानंतर पुरती दोन दशकेही उलटली नव्हती, तोच १२४२ मध्ये पॅरिसमध्ये तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळण्यात आल्या. ज्या समाजाकडून अक्षर जपण्याची रीत घेतली असे हा अभ्यासक्रम सांगतो, त्याच समाजाचे ग्रंथ जाळताना तो आदर कुठे गेला होता, या प्रश्नाला एक संपूर्ण व्याख्यान द्यायला हवे होते. इथे तो शेवटच्या चार वाक्यांत आटोपला आहे.