ह्युकेराच्या नावाखाली मला कोलियस विकलं. सावलीतला वाफा करणाऱ्यांनी हे वाचाच

आधी आकडे सांगते, कारण गेले पाच महिने लोक मला "नक्की झालं काय?" असं विचारतात आणि मी निम्म्यावर पोचेपर्यंत "जाऊ दे, रोपंच तर होती" म्हणून मोकळे होतात.

ह्युकेरा म्हणजे सावलीत रंगीत पानं देणारं, वर्षानुवर्षं टिकणारं झाड. परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानात मी त्याच्या ३० रोपांचे पैसे आगाऊ भरले. १० जाती, प्रत्येकीची ३ रोपं. पाठोपाठ "थंड पेटीतून पाठवण्याचा खर्च" म्हणून आणखी ६ रोपांच्या किमतीएवढी रक्कम मागितली, तीही भरली. म्हणजे ३६ रोपांचे पैसे गेले. ७ दिवसांत येणारं पार्सल २९व्या दिवशी आलं. त्यात २६ रोपं होती: ५ कुजलेली, १४ कोलियस (रंगीत पानांचं, पण थंडी न सोसणारं दुसरंच झाड) आणि ७ हिरवट, बिननावाची ह्युकेरा. मी निवडलेल्या १० जातींपैकी एकही नाही. परत मिळालेली रक्कम शून्य.

मी नवखी नाही, हे मला सांगायचंच आहे. भिंत आणि जुनं झाड यांच्यामधली ती ९ मीटरची पट्टी मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. सकाळचं जेमतेम दोन तास ऊन, मग दिवसभर सावली. तिथे फुलं रुसतात, म्हणून पानांचा रंग हवा होता, आणि सावलीत पानांचे एवढे रंग देणारी, थंडीत टिकणारी बहुवर्षायू रोपं फार थोडी आहेत. कुठे काय लावायचं याचा मी कागदावर नकाशा काढला होता. ऑब्सिडियन ही जात जवळजवळ काळी, ती पुढच्या कडेला, जिथे ते दोन तासांचं ऊन पोचतं. कारण गडद पान दाट सावलीत ठेवलं की मातीत मिसळून जातं, दोन पावलांवरून दिसतसुद्धा नाही. लाइम रिकी आणि सिट्रोनेल अगदी आत, कारण पोपटी-पिवळं पान अंधाऱ्या कोपऱ्यात उजळून निघतं आणि कडक उन्हात मात्र करपतं. मधे कॅरमेल आणि मार्मलेड. त्यांच्यालगत प्लम पुडिंग आणि ग्रीन स्पाइस, कारण पानावरची चंदेरी झाक सावलीत उठून दिसते. सिट्रोनेल हा कॅरमेलवरच अचानक निघालेल्या वेगळ्या रंगाच्या फांदीतून आलेला आहे आणि दोघांत व्हिलोसा या प्रजातीचं रक्त आहे, म्हणून उकाडा आणि दमटपणा ते इतरांपेक्षा बरा सोसतात, हेही मला ठाऊक होतं. एवढं ठाऊक असून फसले, म्हणून लाज जास्त वाटते.

दहावी जात निळी होती.

इथे मला कुणी हसू नये. निळ्या पानांचा ह्युकेरा नसतो, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगितलेलं आहे. पण चंदेरी पानांवर संध्याकाळची सावली पडली की ती खरोखर निळसर दिसतात, आणि रंगांत नवनव्या जाती दर वर्षी येतात. शिवाय बाकीची नऊ नावं खरी होती, वर्णनं बरोबर होती, उंची बरोबर होती. नऊ खऱ्यांच्या मधे एक खोटं बसवलं की ते खोटं वाटत नाही. तुमच्यासमोर कुणी निळा, फिरोजी किंवा इंद्रधनुषी ह्युकेरा ठेवला तर तिथली बाकीची नऊ नावं कितीही खरी असोत, एकही रोप घेऊ नका. तिथेच थांबा.

फोटोतही खूण होती. मार्मलेडच्या एका पानाला उजवीकडे किड्यानं कुरतडलेली चंद्रकोर होती. तीच चंद्रकोर निळ्या पानाला होती. तीच प्लम पुडिंगलाही. एकच फोटो, तीनदा रंगवलेला. ही गोष्ट मला नंतर दिसली, त्यामुळे तिच्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकते. पार्सल उघडलं त्या संध्याकाळबद्दल नाही.

त्या संध्याकाळी मी पहिलं रोप मोकळं केलं. बुंध्याशी ओल्या कागदाची गुंडाळी होती, ती सोडवताना देठ अंगठा आणि तर्जनीमध्ये आला आणि फिरला नाही. चार कडा लागल्या. चौकोनी खोड. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं, उभ्या खोडावर चढत गेलेली. ह्युकेराला असं खोड नसतंच. त्याची पानं जमिनीलगतच्या गड्ड्यातून निघतात, प्रत्येक पान आपल्या लांब देठावर, सगळी मिळून एक घुमट. चौकोनी खोड म्हणजे पुदिन्याचं, तुळशीचं, कोलियसचं घराणं. माझ्या बोटांना हे क्षणात कळलं होतं. मी हात थांबवला, रोप उजेडात धरलं, गडद जांभळ्या पानाची पोपटी किनार पाहिली आणि मनाशी म्हटलं, "प्रवासात उंच वाढलं असेल." मग ते लावलं. एकामागून एक २१ रोपं लावली. कुजलेली ५ फेकून दिली, तीही फोटो न काढता. त्या रात्री तक्रार केली असती तर आज हे लिहावं लागलं नसतं. २९ दिवस वाट पाहिलेली होती, वाफा खणून तयार होता, आणि मला ते ह्युकेरा असायला हवे होते. दुसरं कारण नाही.

पेटी उघडताना फोटो काढा. सगळ्या रोपांचे, मुळांसकट, चिठ्ठ्यांसकट. मेलेल्यांचे आधी.

दोन दिवसांनी, ३१व्या दिवशी, मी विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर इतकं सभ्य आणि जाणकार होतं की मी वरमले. "ह्युकेराचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. जांभळ्या जाती सावलीत हिरवट दिसतात. मुळं धरू द्या, ६ आठवडे थांबा." यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरंही खरं आहे. वसंतातलं पान आणि उन्हाळ्यातलं पान एकाच रोपाचं आहे यावर विश्वास बसू नये इतका फरक पडतो, आणि सावलीत जांभळा खरंच फिका पडतो. त्या माणसानं मला खोट्या गोष्टी सांगून नाही फसवलं, माझ्याच जवळच्या खऱ्या गोष्टी माझ्यावर वापरल्या. ६ आठवड्यांनी पुन्हा लिहिलं, तर "खरा रंग पुढच्या हंगामात येतो." त्यानंतर १५ टक्के परतावा देऊ केला, रोपं ठेवून घ्या म्हणाले. मी नकार दिल्यावर २० टक्के, पण तक्रार करणार नाही असं लेखी द्यायचं. सगळे पैसे हवे असतील तर सगळी रोपं स्वखर्चानं समुद्रापार परत पाठवायची. जिवंत रोपं सरकारी आरोग्य-प्रमाणपत्राशिवाय सीमा ओलांडू शकत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. रंग बदलतो म्हणून रंगावर भांडू नका. खोडावर भांडा. खोड कुठल्याच ऋतूत गोलाचं चौकोनी होत नाही.

मग पहिली कडक थंडीची रात्र आली. सकाळी १४ रोपं काळी पडून चिखलासारखी लोंबत होती. ह्युकेरा थंडीत पानं धरून उभा राहतो. कोलियस एका रात्रीत संपतो. उरलेली ७ हिरवट रोपं जागच्या जागी ताठ होती. तो १२३वा दिवस होता. दुसऱ्याच दिवशी मी बँकेत तक्रार केली.

बँकेची मुदत १२० दिवसांची. मी ४ दिवस उशिरा. तिथल्या बाईंना मी विकणाऱ्याची पत्रं दाखवली, "थांबा, थांबा" असं त्यानंच लिहून दिलेलं आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, "पण वस्तू पोचल्याची नोंद आहे ना?" वस्तू पोचली. कुठली वस्तू, हा रकाना त्यांच्या अर्जात नाही. पोलिसांच्या सायबर विभागात दोन तास बसवलं आणि सांगितलं, रोपं मागवली, रोपं आली, हा व्यवहारातला वाद आहे. मी चौकोनी खोड आणि गड्डा यांतला फरक सांगू लागले तेव्हा समोरचा माणूस फोन पाहत होता. ग्राहक तक्रार कार्यालयात "विक्रेत्याचा पूर्ण पत्ता" ही अट. पत्ता असता तर मी तिथे कशाला गेले असते? कृषी खात्यात म्हणाले, शोभेची झाडं आमच्याकडे येत नाहीत, फळबागांच्या विभागात जा. त्या विभागानं परत कृषी खात्याकडे पाठवलं. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "नावाच्या जातीचं आणि साध्या रोपाचं असं काय वेगळं असतं?" वेगळं असतं! नावाची संकरित जात बियांपासून तशीच्या तशी उतरत नाही. ती गड्डा विभागून किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनानं वाढवावी लागते, तेव्हाच प्रत्येक रोप सारखं येतं. १९९१ साली अमेरिकेत ज्याला वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं त्या पॅलेस पर्पल या ह्युकेराचीसुद्धा बियांची रोपं जांभळ्यापासून हिरव्यापर्यंत कशीही निघतात. माझी ती ७ बहुधा अशीच कुठल्यातरी बियांची. नावाचे पैसे घेऊन बेनावी रोपं देणं ही चोरी नाही तर काय? चार कार्यालयं, अकरा फेऱ्या, आणि सगळीकडे ऐकलेलं एकच वाक्य: पुढच्या वेळी काळजी घ्या. अकरावी फेरी झाली त्या दिवशी मी घरी येऊन रडले. पैशांसाठी नाही. मी खोटं बोलत नाही एवढंदेखील कुणी लिहून घेत नव्हतं.

पेटीत ५ "भेट" पाकिटंही होती, प्रत्येकावर एकेका संकरित जातीचं नाव आणि आत बी. ह्युकेराचं बी धुळीसारखं बारीक असतं. या पाकिटांतलं मोहरीएवढं होतं. ते लावू नका, कुणाला देऊ नका, कचऱ्यात मोकळं टाकू नका. २०२० साली अनेक देशांत लोकांच्या घरी न मागवलेली बियांची पाकिटं टपालानं आली होती आणि अमेरिकेच्या कृषी विभागानं ती पेरू नका असं बजावलं होतं. अनोळखी बियांबरोबर कुठलं तण, कुठला रोग येईल सांगता येत नाही. माझी पाकिटं बंद पिशवीत आहेत. ती घेणारंसुद्धा कुणी सापडलेलं नाही.

ज्यांना अजून ह्युकेरा घ्यायचाच आहे, आणि घ्यावा, त्यात त्या बिचाऱ्या झाडाचा काय दोष, त्यांनी रोप डोळ्यांसमोर पाहून घ्यावं. पानाचा देठ जमिनीपर्यंत शोधा. गड्डा बोटानं हळूच हलवून पाहा. डुगडुगला तर आत भुंग्याच्या अळ्यांनी मुळं खाल्लेली असू शकतात. नव्या, हक्क राखीव असलेल्या जातीच्या कुंडीला सहसा छापील चिठ्ठी असते, नावासकट. बियांतून वाढवलेली नावाची संकरित जात कुणी देत असेल तर नको म्हणा. उलटा चालणारा घड्याळाचा काटा आणि "शेवटची ४ रोपं" दिसलं की दुकानाचं वेबपान बंद करून पुन्हा उघडा. माझ्याकडे ती ४ रोपं तीन आठवडे ४च होती. लावताना गड्डा मातीच्या पातळीला ठेवा, पाणी साचू देऊ नका. आणि बँकेची मुदत पैसे भरल्याच दिवशी विचारून भिंतीवर लिहा. विकणारा "थांबा" म्हणाला की त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

ती ७ रोपं मी काढली नाहीत. दोघांच्या शिरांवर पुसट जांभळी रेघ आली आहे.

आज सकाळी दुसऱ्याच नावाचं एक दुकान समोर आलं. फिरोजी ह्युकेरा, ६० टक्के सवलत, शेवटची ४ रोपं. फोटो मोठा करून पाहिला. पानाच्या उजव्या कडेला किड्यानं कुरतडलेली तीच चंद्रकोर आहे.